डाग, झळाळी आणि चहादाणी

झिलई न दिलेली जपानी चहादाणी आतून घासावी की नाही, हा प्रश्न वरकरणी स्वयंपाकघरातला. परंतु ‘आतला तपकिरी थर काढू नका, ती परंपरा आहे’ असा सल्ला सर्रास दिला जातो तेव्हा ही परंपरा नेमकी कुणाची, हे विचारणे भाग पडते.

सल्ल्याची पाळेमुळे जपानात नव्हेत, चीनमधील इशिंग येथे सापडतात. तिथल्या जांभळट मातीची चहादाणी एकाच प्रकारच्या चहासाठी वर्षानुवर्षे वापरून मुरवायची. पुरती मुरली की तिच्यात नुसते कढत पाणी ओतले तरी चहा उतरतो, अशी आख्यायिका आहे. जपानमधील आइची प्रांतातल्या तोकोनामे गावाच्या भट्ट्या मध्ययुगापासून प्रसिद्ध होत्या, त्या मोठ्या रांजणांसाठी. तिथे लोहयुक्त लाल मातीच्या चहादाण्या घडवण्याचे श्रेय सुगिए जुमोन या कुंभाराला देतात, साल १८५४. पुढे १८७८ मध्ये किन शिको या चिनी कारागिराला बोलावून इशिंगचे तंत्र शिकून घेतले गेले. इशिंगचा कारागीर मातीचे पत्रे ठोकून जोडतो. तोकोनामेचे कुंभार मात्र चाकाकडेच वळले. म्हणजे तंत्रसुद्धा जसेच्या तसे उचलले गेले नाही. मग भांड्याविषयीची श्रद्धा तेवढी अखंड आली असे का मानावे?

थराच्या बाजूने जपानी साक्षीदार म्हणून तानिझाकी जुनइचिरो यांना उभे केले जाते. सावल्यांचा महिमा सांगणाऱ्या १९३३च्या निबंधात त्यांनी काळवंडलेल्या चांदीचे कौतुक केले आहे. ती घासून लख्ख करणाऱ्या मोलकरणीला मालकाची बोलणी खावी लागतात, हेही नोंदवले आहे. मात्र त्यांच्या मनात आहे ती हातांच्या स्पर्शाने वस्तूच्या अंगावर चढणारी झळाळी. चहादाणीच्या पोटातला थर वेगळा. चहातील टॅनिनचे ऑक्सिडीकरण होऊन पाण्यातील चुन्याशी त्यांचा संयोग होतो आणि पुट धरते. बाहेरची झळाळी आणि आतले पुट यांची गल्लत आपण वाचकांनीच केली आहे.

शिवाय सेंचाच्या परंपरेत एक अगदी उलटा स्वरही आहे. नागातानी सोएन यांनी १७३८ मध्ये वाफवून वळलेल्या हिरव्या पानांची रीत बसवली. त्याच सुमारास बाइसाओ हा वृद्ध भिक्षू क्योतोत रस्त्याकडेला चहा विकत असे. आपल्या पश्चात चहाची टोपली आणि इतर उपकरणे प्रापंचिकांच्या हाती पडून विटंबू नयेत, म्हणून त्याने १७५५ मध्ये ती स्वतःच अग्नीला दिली. ज्याला सेंचाचे रसिक आद्यपुरुष मानतात, त्याने वस्तू जपण्यापेक्षा जाळणे पसंत केले, हे पुट जपणाऱ्यांना सहसा आठवत नाही. (अर्थात त्याच्या वस्तूंची पूजा पुढे झालीच.)

तेव्हा माझा कौल धुण्याच्या बाजूने. साबण मात्र नको. सच्छिद्र माती त्याचा वास धरून ठेवते आणि तो पुढच्या पेल्यात उतरतो. कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून भांडे तासभर भिजवावे, तोटीची जाळी मऊ कुंचल्याने हलकेच मोकळी करावी, दोन-तीनदा कढत पाण्याने विसळावे आणि झाकण बाजूला ठेवून वाळू द्यावे. ओले झाकले तर बुरशी येते. बाहेरचे अंग नुसत्या सुती फडक्याने पुसावे. तिथली झळाळी तानिझाकींची आहे.