नाव झाकलेली कवचे

आय. ए. रिचर्ड्स यांचा प्रयोग साहित्याच्या विद्यार्थ्यांना नव्याने सांगायला नको. केंब्रिजमधील विद्यार्थ्यांना त्यांनी कवीचे नाव न देता कविता वाचायला दिल्या, लेखी अभिप्राय घेतले आणि तेरा कवितांवरील अभिप्रायांची चिकित्सा १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या ग्रंथात मांडली. नाव झाकले की पूर्वग्रह गळून पडतील आणि निखळ कविता तेवढी समोर उरेल, अशी कोणाची अपेक्षा असेल तर ती फोल ठरली. अभिप्राय परस्परांपासून फार दूर गेले. वाचक कवितेकडे येताना सोबत काय काय घेऊन येतो, याचाच तो ग्रंथ म्हणजे दस्तऐवज झाला.

याच जातीचा एक प्रयोग १९९०च्या दशकात भूशास्त्रात झाला. तिथे वाचायला दिलेल्या वस्तू होत्या वाळूच्या कणाएवढ्या कवचांचे नमुने. ट्युनिशियातील एल केफ या ठिकाणचे खडक त्रयस्थांकरवी गोळा करण्यात आले. कोणता नमुना कोणत्या थरातला हे झाकून ते चार तज्ज्ञांकडे पाठवण्यात आले, आणि यात कोणत्या जाती दिसतात ते कळवावे, एवढेच त्यांना विचारले गेले. या प्रयोगाचा इतिहास आम्हाला मुद्दाम सांगावासा वाटतो. कारण ओळखणे, नाव देणे आणि वर्गात बसवणे ही कामे साहित्याचा अभ्यासकही रोज करतो, आणि त्यांत वाचणाऱ्याचा वाटा किती असतो, या प्रश्नापासून त्याचीही सुटका नाही.

ही कवचे फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय समुद्रजीवांची. बहुतेकांचा आकार एक मिलिमीटरहूनही लहान. काही जण कॅल्शियम कार्बोनेटचे कवच स्वतः घडवतात, काही तळावरचे वाळूचे कण एकमेकांना चिकटवून ते रचतात. जीव वाढतो तसा कवचाला एकेक नवा कप्पा जोडला जातो. कधी सरळ ओळीत, कधी वेणीसारखा, कधी शंखासारख्या वळणाने. जीव मेल्यावर कवच तळाशी बसते आणि लाखो वर्षांत त्याचा खडक होतो. जीवाश्मांच्या अभ्यासकाच्या हाती येते ते एवढेच रिकामे घर. त्यावरून रहिवाशाची जात ठरवायची असते.

या घरांना प्रथम नीट रांगेत लावले ते आल्सीद दॉर्बिन्यी या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने. त्याचे वाढते वय अटलांटिक किनाऱ्यावर गेले आणि तिथल्या वाळूत त्याला ही कवचे सापडली. १८२६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने त्यांचे पद्धतशीर कोष्टक प्रसिद्ध केले. उघड्या डोळ्यांना ती दिसत नसल्याने निवडक शंभर रूपांच्या मोठ्या प्रतिकृती घडवून प्लास्टरमध्ये ओतून घेतल्या. कप्प्याकप्प्यांची वळणदार कवचे पाहून त्याने हे प्राणी नॉटिलसच्या, म्हणजे शीर्षपादांच्या कुळात घातले. नॉटिलसचे कप्पे एका नळीने जोडलेले असतात, तर यांच्या कप्प्यांमध्ये नुसती छिद्रे असतात. या भेदावरून त्याने गटाला 'छिद्रधारी' या अर्थाचे लॅटिन नाव दिले.

कुळ चुकले होते. १८३५ साली फेलिक्स द्युजार्दां याने जिवंत फोरॅमिनिफेराचे निरीक्षण केले. त्याला शीर्षपादांचे हातपाय, डोळे, आतडी यांपैकी काहीच आढळले नाही. छिद्रांतून बाहेर पडणारे आणि पुन्हा आत ओढले जाणारे जीवद्रव्याचे धागे मात्र दिसले. म्हणजे हा अत्यंत साधा जीव होता. दॉर्बिन्यीने पुढे ही दुरुस्ती स्वीकारली. गंमत अशी की त्याचे नाव तरीही टिकले आणि कप्प्यांच्या मांडणीवरून गट पाडण्याची त्याची रीतही बराच काळ टिकली. पायाच चुकलेला असूनही वर्गीकरण उपयोगी पडत राहिले. साहित्याच्या इतिहासातील कालखंडांच्या नावांबाबत असा अनुभव आपल्यालाही आहेच.

१८४० साली दॉर्बिन्यीने पॅरिस खोऱ्यातील पांढऱ्या खडूतील फोरॅमिनिफेरावर प्रबंध लिहिला. हा खडू मध्यजीव महाकल्पाच्या शेवटच्या, क्रिटेशस कालखंडातला. त्याच सुमारास बर्लिनमध्ये एरेनबर्ग सूक्ष्मदर्शकाखाली असाच खडू पाहत होता. खडूतील अनेक जाती आजच्या समुद्रातही जगत आहेत, असे त्याने जाहीर केले. दॉर्बिन्यीची धारणा याच्या अगदी उलट होती. पृथ्वीचा इतिहास एकामागून एक नाश आणि एकामागून एक नवनिर्मिती असा झाला आहे, प्रत्येक पर्वाचे जीव त्या पर्वाचेच, असे तो मानी. पुढे त्याने अशी सत्तावीस पर्वे कल्पिली. एकाला सातत्य दिसत होते, दुसऱ्याला खंड. कवचे दोघांसमोर सारखीच होती.

आणि तरीही खंड मानणाऱ्या दॉर्बिन्यीच्याच हातून एक विलक्षण चूक झाली. १८३९ साली क्यूबाच्या फोरॅमिनिफेरावरील ग्रंथात त्याने किनाऱ्यावरच्या वाळूतील एका चापट, देखण्या कवचाला आजची जात समजून 'रोझालिना लिनेइयाना' असे नाव दिले. प्रत्यक्षात ते कवच क्रिटेशस काळातले होते. जुना खडक झिजला, त्यातली कवचे सुटी झाली आणि कोट्यवधी वर्षांनी किनाऱ्यावरच्या ताज्या कवचांत मिसळली. कवचाचे वर्णन बरोबर होते. त्याचा काळ मात्र चुकला होता. ही चूक वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण दीडशे वर्षांनी एल केफच्या वादात ती नेमकी याच रूपात परत येते.

दरम्यान 'जात' या कल्पनेलाच हादरे बसत होते. विल्यम कार्पेंटर याने पार्कर आणि जोन्स यांच्या साहाय्याने १८६२ साली लिहिलेल्या ग्रंथात कप्प्यांच्या मांडणीपेक्षा कवचाच्या भिंतीच्या घडणीला महत्त्व दिले. मधल्या रूपांची साखळी त्याला इतकी सलग दिसली की, इतर प्राण्यांना लावतो तशी जातीची कल्पना इथे लागूच पडत नाही, असे त्याचे मत झाले. नंतर १८८० साली म्युनिए-शाल्मा याने दाखवले की एकाच जातीची कवचे दोन प्रकारची असू शकतात; एकाचा आरंभीचा कप्पा मोठा, दुसऱ्याचा अगदी लहान. शतक संपता संपता याचे कारणही कळले. या जीवांत लैंगिक आणि अलैंगिक पिढ्या आलटून पालटून येतात आणि प्रत्येक पिढीचे घर वेगळ्या घडणीचे असते. दोन नावांनी वावरणारे एकच निघाल्याची उदाहरणे मग एकामागून एक पुढे आली.

विसाव्या शतकात अभ्यासाला निकड आली ती खनिज तेलामुळे. विहीर खोदताना मोठे जीवाश्म चुरडले जातात, ही चिमुकली कवचे मात्र अखंड वर येतात. छिद्रक कोणत्या काळाच्या थरातून चालला आहे, हे त्यांवरून सांगता येते. अमेरिकेत एस्थर ॲप्लिन, ॲल्वा एलिसर आणि हेडविग क्नाइकर या तिघींनी १९२५ साली टेक्सास आणि लुईझियाना येथील भूगर्भातील थरांची संगती याच आधारे लावून दाखवली. दोन वर्षांनी जोसेफ कुशमन याने क्रिटेशसमधील एका ठळक गटाला 'ग्लोबोट्रंकाना' हे प्रजातीनाम दिले. कवच चापट, कडेला मण्यांसारख्या उंचवट्यांचे दोन कंगोरे, मधोमध खोलगट नाभी. दॉर्बिन्यीचे क्यूबातले कवच अखेर याच प्रजातीत आपल्या घरी पोचले.

ग्लोबोट्रंकाना आणि तिच्या भाईबंदांची खरी ख्याती झाली ती इटलीतील गुब्बियो येथे. तिथला चुनखडक इतका घट्ट आहे की कवच सुटे करून फिरवून पाहणे अवघड. म्हणून खडकाची पारदर्शक होईल इतकी पातळ चकती घासून काढायची आणि कवचाचा जो काय छेद दिसेल त्यावरून ते ओळखायचे. लुटरबाखर आणि इझाबेला प्रेमोली सिल्वा यांनी १९६४ साली तिथला क्रम प्रसिद्ध केला. खाली मोठी, कंगोरेदार, अलंकृत कवचे. मग मातीचा एक अरुंद पट्टा. आणि त्यावर अतिशय लहान, साधी, गोलसर कवचे. त्यांतल्या एका नव्या जातीला त्यांनी गुब्बियोच्या लॅटिन नावावरून 'युगुबिना' म्हटले. त्याच मातीच्या पट्ट्यात वॉल्टर अल्वारेझ, त्याचे वडील लुइस आणि सहकाऱ्यांना इरिडियम हे पृथ्वीच्या पृष्ठभागावर दुर्मिळ असलेले मूलद्रव्य मोठ्या प्रमाणात आढळले. ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर अशनी आदळला, हा त्यांचा सिद्धान्त १९८० साली पुढे आला.

आता प्रश्न उभा राहिला तो असा : फोरॅमिनिफेरा त्या क्षणी एकाएकी संपले की आधीपासूनच हळूहळू संपत आले होते? ॲमस्टरडॅमचे यान स्मिट म्हणत होते की थोडे अपवाद वगळता सर्व प्लवक जाती सीमेवरच नाहीशा होतात. प्रिन्स्टनच्या गर्टा केलर यांच्या मते अनेक जाती सीमेपूर्वीच टप्प्याटप्प्याने गेल्या होत्या आणि काही सीमा ओलांडूनही जगल्या. दोघांनी एल केफचाच अभ्यास केला होता. थोडक्यात, एरेनबर्ग आणि दॉर्बिन्यी यांचा वाद नव्या पुराव्यांसह पुन्हा उभा राहिला होता. त्याचा निकाल लावण्यासाठी तो झाकलेल्या नमुन्यांचा प्रयोग रॉबर्ट गिन्सबर्ग यांच्या पुढाकाराने योजण्यात आला.

निष्कर्ष १९९७ साली 'मरीन मायक्रोपॅलिऑन्टॉलॉजी' या नियतकालिकात आले. चार वाचकांच्या याद्या जुळल्या नाहीत. काहींनी बारीक फरकांवर वेगळ्या जाती केल्या, काहींनी त्या एकीतच धरल्या. एकाच रूपाला वेगवेगळी नावे दिली गेली. प्रत्येकाच्या यादीत काही जाती सीमेआधी संपलेल्या दिसत होत्या. केलर यांनी यातून क्रमशः ऱ्हासाला दुजोरा काढला. स्मिट यांनी चारही याद्या एकत्र मांडून दाखवले की एकाला लवकर संपलेली वाटलेली जात दुसऱ्या कोणालातरी सीमेच्या अगदी खालपर्यंत सापडलेली आहे; म्हणजे जी नाहीशी झाली असे वाटते, ती विरळ असल्याने त्या वाचकाच्या चिमटीत आली नव्हती इतकेच. दोन्ही पक्षांनी तोच निकाल आपापल्या बाजूने वाचला. सीमेच्या वरच्या थरांत सापडणारी क्रिटेशस कवचे वाचलेल्यांची की खालच्या थरातून उकरून वर आलेल्यांची, हा तिढाही होताच. दॉर्बिन्यीची क्यूबातील वाळू ती हीच.

या प्रयोगाला अपयश म्हणणे आम्हाला सोपे पण अन्यायाचे वाटते. थराचे नाव झाकल्याने एक पूर्वग्रह दूर झाला, हे खरे. जात कशाला म्हणायचे, याची प्रत्येकाची कसोटी मात्र त्याच्यासोबतच आली होती आणि ती झाकता येणारी नव्हती. ती उघडी पडली, हाच त्या प्रयोगाचा लाभ. शिवाय चार याद्या शेजारी ठेवल्यावर जे दिसले ते एकेका यादीत दिसत नव्हते. पोथ्यांचे पाठभेद नोंदवून संहिता सिद्ध करणाऱ्यांना हे नवे नाही. एका पोथीत नसलेला श्लोक 'नाही' म्हणण्यापूर्वी ते बाकीच्या पोथ्या चाळतात. पुढे १९९९ साली सीमेनंतरच्या, पॅलिओसीन काळातील प्लवक फोरॅमिनिफेराचा चित्रकोश अनेक तज्ज्ञांनी मिळून सिद्ध केला. त्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा भिंतीचा पोत ही कसोटी ठरवून घेतली होती. चार याद्यांचा प्रयोग करणाऱ्यांना जी कमतरता जाणवली, ती सामायिक शब्दकोशाची होती.

अशनीच्या आघाताने प्लवक फोरॅमिनिफेराचा फार मोठा भाग एकाएकी नष्ट झाला, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. पण त्याच काळात दख्खनमध्ये लाव्हाचे लोट वाहत होते, त्यांचा वाटा किती, हा प्रश्न पूर्ण मिटलेला नाही. इथे ही कवचे थेट आपल्या अंगणात येतात. आंध्रातील राजमहेंद्रीजवळ लाव्हाचे थर आहेत. त्यांतला खालचा थर आंबेनळीच्या आणि वरचा महाबळेश्वरच्या कातळाशी रासायनिक गुणांनी जुळतो. सह्याद्रीकडून वाहत गेलेल्या लाव्हाचेच हे दूरचे टोक मानले जाते. या दोन थरांच्या मध्ये समुद्री गाळ अडकला आहे. केलर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी त्यात सीमेनंतरच्या अगदी आरंभीचे ते चिमुकले, साधे फोरॅमिनिफेरा ओळखले आणि २००८ साली ते प्रसिद्ध केले. म्हणजे खालचा लाव्हा त्या नाशाच्या आसपास थांबला आणि वरचा त्यानंतर वाहिला. पुढे स्फटिकांतील किरणोत्सारी घड्याळांनीही दख्खनचे वय अधिक काटेकोरपणे मोजले गेले.

सह्याद्रीच्या काळ्या कातळात समुद्रजीव नाहीत. त्याच्या एका टोकाचा काळ सांगणारा साक्षीदार शेकडो कोस दूर, दोन लाव्हांच्या बेचक्यात, गाळात पडून होता. तो साक्षीदार कोण, हे कोणीतरी सूक्ष्मदर्शकावर वाकून कप्पे मोजत ठरवले. ते ठरवताना त्या व्यक्तीच्या मागे दॉर्बिन्यीची चूक होती, कार्पेंटरचा संशय होता आणि चार न जुळलेल्या याद्या होत्या.