शाहीर अमर शेख: आईच्या ओवीतून आलेला आवाज

म्हसवडहून बार्शी फार लांब नाही. मधे पंढरपूर लागतं, एवढंच. पाऊस कमी, जमीन हलकी, आणि पोटासाठी गाव सोडणारी माणसं दोन्हीकडे सारखीच. त्या बार्शीत २० ऑक्टोबर १९१६ रोजी मेहबूब हुसेन पटेल या मुलाचा जन्म झाला. पुढे महाराष्ट्राने त्याला शाहीर अमर शेख म्हणून ओळखलं.

मुसलमान शाहिराबद्दल लिहिताना आपल्याकडे 'योगदान' हा शब्द हमखास येतो. मराठी भाषेला मुसलमानांचं योगदान, लोककलेला मुसलमानांचं योगदान. हेतू चांगला असतो, पण शब्द खटकतो. दुसऱ्याच्या घरी काही नेऊन दिलं तर ते योगदान. स्वतःच्या घरात माणूस नुसता राहतो, बोलतो, गातो. अमर शेखांचं आयुष्य पाहिलं की हा फरक नीट समजतो.

त्यांना गाणं मिळालं ते आई मुनेरबी यांच्याकडून. जात्यावरच्या ओव्या, लोकगीतं हीच त्यांची पहिली शाळा. मराठी मुलखात मुसलमान घरातल्या बायाही जात्यावर बसून मराठीतच ओव्या गात आल्या. सासर, माहेर, भाऊ, पाऊस, सगळं त्या ओव्यांत यायचं. भाषा कुणी दिली, कुणी घेतली, असा हिशेब तिथे नव्हता.

गाण्याआधी मात्र पोट होतं. मेहबूबने पाणक्याचं काम केलं, मोटारीवर क्लीनर म्हणून राबला, गिरणीत कामाला लागला. बार्शीच्या गिरणी संपात पुढे राहिल्याने विसापूरच्या तुरुंगात गेला. तिथे रघुनाथ कऱ्हाडकर भेटले आणि तो कम्युनिस्ट चळवळीकडे वळला. नंतर कोल्हापूरला मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत काम केलं. 'अमर शेख' हे नाव रूढ झालं ते तिथेच.

या नावाकडे थोडं थांबून पाहावं. तो काळ सिनेमातल्या नाव बदलण्याचा होता. १९४४ साली युसूफ खान पडद्यावर दिलीपकुमार होऊन आले. बार्शीच्या या तरुणाने नाव बदललं, पण धर्म झाकायला नव्हे. 'पटेल' आडनावावरून कुणाला चटकन काही कळलं नसतं. त्याऐवजी 'शेख' उघडपणे नावात आला आणि त्याच्या शेजारी 'अमर' बसला. एक शब्द संस्कृतातला, एक अरबीतला. पुढे गावोगावच्या सभांमधून हे नाव पुकारलं गेलं आणि लोकांना त्यात काही विचित्र वाटलं नाही.

१९४४च्या सुमारास लाल बावटा कलापथक उभं राहिलं. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि बार्शीचे अमर शेख असे तिघं एकत्र आले. अण्णाभाऊ मातंग, अमर शेख मुसलमान. वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच होतं. त्याच काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इथे जागं होतं आणि शाहीर शंकरराव निकमांचा डफ गावं हलवत होता. शाहिरी ऐकणारा कान या मातीत आधीच तयार होता.

कलापथकाने तमाशाचा बाज ठेवला, आतला मजकूर बदलला. गणात गणपतीच्या जागी माती, कामकरी आणि हुतात्मे आले. वगात राजाराणीच्या जागी सावकार, गिरणीमालक आणि संपावरचा कामगार आला. शाहिराने ओळ उचलायची, झीलकऱ्यांनी ती मागून धरायची, डफ-तुणतुण्याने ताल सांभाळायचा, ही जुनीच रीत. अमर शेखांचा पहाडी आवाज हजारोंच्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत जायचा. अण्णाभाऊंची 'माझी मैना' लोकांच्या मनात बसली ती त्याच आवाजात.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या आवाजाने मुंबईपासून खेड्यापाड्यांपर्यंत फिरून लोक जागे केले. १९५७च्या निवडणुकीत साताऱ्याने नाना पाटलांना लोकसभेत पाठवलं, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं. १९६२च्या चीन युद्धात हाच कम्युनिस्ट शाहीर देशासाठी गात आणि निधी गोळा करत फिरला. ते नुसते गायक नव्हते. 'कलश' (१९५८) आणि 'धरतीमाता' (१९६३) हे त्यांचे काव्यसंग्रह, 'पहिला बळी' हे नाटक. आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटलं.

हे सगळं नवं नव्हतं. पेशवाईच्या अखेरीस जेजुरीचे सगनभाऊ, जातीने शिकलगार मुसलमान, होनाजीच्या काळात लावण्या आणि पोवाडे रचत होते. 'शाहीर' हा शब्दच अरबी 'शाइर'वरून आला. डफही त्याच वाटेने आला. आज शिवरायांचा पोवाडा या दोन्हींशिवाय उभा राहत नाही. कुठला धागा कुणाचा, हे सोडवायला गेलं तर कापडच उसवतं.

हे आज सांगावं लागतं, त्याला कारण आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये म्हसवडपासून जवळच, खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत जमावाने मशिदीवर हल्ला केला आणि एका माणसाचा जीव गेला. नाना पाटलांच्या मुलखात हे घडलं. अशा वेळी आपली मुलं विचारतात, आपण इथले की बाहेरचे? त्यांना उत्तर देताना नुसते दाखले आणि सनावळ्या पुरत नाहीत. अमर शेखांनी तो प्रश्न स्वतःला लावून घेतल्याचं त्यांच्या वाटचालीत कुठे दिसत नाही. ते 'आम्ही' म्हणाले तेव्हा त्यात गिरणी कामगार, शेतमजूर, मराठी बोलणारा प्रत्येक जण होता.

१९६९ साली १३ जूनला अत्रे गेले, १८ जुलैला अण्णाभाऊ गेले, आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. अकरा आठवड्यांत संयुक्त महाराष्ट्राचे तीन मोठे आवाज थांबले. मोटारीवरचा क्लीनर म्हणून रस्त्यावर आलेला माणूस शेवटपर्यंत रस्त्यावरच राहिला. त्यांची कन्या मलिका अमर शेख मराठीतल्या महत्त्वाच्या कवयित्री झाल्या, म्हणजे मुनेरबींची मराठी तिसऱ्या पिढीत पुस्तकांतून पुढे गेली.

आपल्याला करता येण्यासारखं एक काम यातून दिसतं. माणदेशातल्या मुसलमान घरांत आजही एखादी आजी, एखादी खाला असेल जिला जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत. मोबाईल समोर धरून त्या उतरवून घ्याव्यात. मुनेरबींनी गायल्या तशा ओव्या आणखी किती आयांनी गायल्या असतील, आणि त्या ऐकून मोठा झालेला प्रत्येक मुलगा काही शाहीर झाला नाही.