भाजलं, कापलं, चट्टा उठला: फोनचा कॅमेरा काय ओळखतो, काय नाही

गुगल लेन्समध्ये 2023 पासून एक सोय आहे. त्वचेवरच्या डागाचा किंवा पुरळाचा फोटो काढला की लेन्स तशीच दिसणारी चित्रं समोर मांडतं. पूर्णा, काल्हेर, राहनाळ या भिवंडीच्या गोदामपट्ट्यात मी स्कॅनरचं सॉफ्टवेअर बसवायला जातो. तिथली पोरं ही सोय सर्रास वापरतात. कटर लागला, हीट गनने पोळलं, जांघेत खाज सुटली, की आधी लेन्स आणि मग मेडिकल. यात फोन कुठे कामाचा आहे आणि कुठे अडकतो ते बघू.

लेन्स निदान करत नाही, चेहरेपट्टी जुळवतं

लेन्सला तुमच्या त्वचेला काय झालंय ते कळत नाही. इंटरनेटवरच्या कुठल्या फोटोशी तुमचा फोटो जुळतो, एवढंच ते सांगतं. त्यामुळे ज्याचे फोटो कमी, ते ओळखण्यात मार. त्वचारोग ओळखणारे एआय शिकवायला एचएएम 10000 नावाचा फोटोसंच खूप वापरला जातो. त्यात 10,015 फोटो आहेत, ते ऑस्ट्रिया आणि ऑस्ट्रेलियातून आलेले, म्हणजे बहुतेक गोऱ्या कातडीचे. त्यात भाजल्याचा किंवा गजकर्णाचा वर्गच नाही. 2022 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी वेगवेगळ्या वर्णांच्या 656 फोटोंवर असे एआय तपासले, तेव्हा सावळ्या-काळ्या त्वचेवर त्यांची कामगिरी घसरली. आपल्या रंगावर लाली लाल दिसतच नाही, ती जांभळट किंवा नुसती गडद दिसते. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. बाजूच्या त्वचेपेक्षा ती जागा गरम लागते का, सुजली आहे का, दुखते का, हे हात लावून बघा. उघडी जखम असेल तर मात्र कडेलाच, हात धुऊन.

गजकर्णात आणखी एक घोळ आहे. गोल चट्टा, उठावदार खवलेवाली कडा आणि मध्ये त्वचा बरी, ही त्याची खूण. पण परस्पर आणलेलं स्टेरॉइडवालं मलम लावलं की खाज थांबते, कडा पुसट होते आणि बुरशी पसरतच राहते. मग फोटोवरून फोन सोडा, डॉक्टरही चकतात. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलेलं दिसलं तर मनाने लावू नका. 2018 मध्ये सरकारने त्वचेवर लावायची 14 स्टेरॉइड शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. काउंटरवर काय चालतं ते तुम्हाला माहीत आहेच.

भाजल्यावर आधी नळ, मग फोन

भाजल्यावर फोटो काढत बसू नका. ती जागा 20 मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. फोनचा खरा उपयोग इथे, टायमर लावा, कारण 20 मिनिटं फार लांब वाटतात. तेव्हा जमलं नसेल तर पहिल्या तीन तासांत केलं तरी फायदा होतो. बर्फ नको. अंगठी, कडं, घड्याळ सूज यायच्या आत काढा. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यातलं काहीही लावू नका. त्याने जखम किती खोल आहे तेच झाकलं जातं, आणि डॉक्टरला ते आधी खरवडून काढावं लागतं.

वरवरचं भाजलं तर त्वचा कोरडी, दुखरी, फोड नाहीत. त्याखाली गेलं तर फोड, ओल आणि प्रचंड आग. पूर्ण जाडीचं भाजलं तर जागा पांढरी, तपकिरी किंवा चामड्यासारखी होते आणि दुखत नाही. हे न दुखणंच सगळ्यात वाईट लक्षण.

किती भाजलंय ते मोजायला ज्याला भाजलंय त्याचाच पंजा वापरा. बोटांसकट तळहात म्हणजे साधारण शरीराचा 1 टक्का. फोड आलेली जागा त्याहून मोठी असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधा, गुप्तांग भाजलं असेल, लहान मूल असेल, वीज किंवा केमिकल असेल, तर हॉस्पिटल. विजेची जखम बाहेरून रुपयाएवढी आणि आत मोठी असू शकते, तिथे कुठलाच फोटो कामाचा नाही. रुग्णवाहिकेला 108. फक्त भाजलेल्यांसाठीचं नॅशनल बर्न्स सेंटर ऐरोलीला आहे.

पट्टी कोणती?

भाजलेल्या जखमेला ओल हवी आणि चिकटणार नाही असं आवरण हवं. हे समजून घ्यायला मुंबईचाच इतिहास बघा. वाडिया हॉस्पिटलच्या डॉ. केसवानींनी 1985 मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्टीवर पहिला निबंध छापला. सायन हॉस्पिटलच्या डॉ. माधुरी गोरे यांनी 2003 मध्ये केळीच्या पानाच्या पट्टीवर लिहिलं. दोन्ही स्वस्त, आणि काढताना नवी त्वचा उपटत नाहीत. (घरी करून बघू नका, त्या हॉस्पिटलात निर्जंतुक करून वापरलेल्या होत्या.)

हेच काम मेडिकलमधलं पॅराफिन गॉज करतं. त्याच्यावर साधं गॉज आणि सैल बँडेज. कापूस थेट लावू नका, तंतू अडकतात. हॉस्पिटलला नेईपर्यंत स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म चालते. पहिला वेढा टाकून द्या आणि फिल्म हाताभोवती गुंडाळू नका, नुसती वर ठेवा. पॅलेटची स्ट्रेच फिल्म मात्र नको, ती धुळीने भरलेली असते. फोड फोडू नका.

कटरच्या साध्या कापाला पाणी, दाब आणि चिकटपट्टी पुरते. दहा मिनिटं सलग दाबूनही रक्त थांबत नसेल किंवा कडा उघड्या राहत असतील तर टाके लागतील. लोखंडी पट्टीने कापलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा.

डॉक्टरला पाठवायचा फोटो

ई-संजीवनीवर किंवा व्हॉट्सॲपवर डॉक्टरला फोटो दाखवायचा असेल तर ब्युटी मोड बंद करा, तो नेमकी खवलेवाली कडाच गुळगुळीत करतो. पिवळ्या बल्बखाली नको, खिडकीच्या उजेडात काढा. एक लांबून, एक जवळून. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा. (एआयला तेही गोंधळात टाकतं: फोटोत मोजपट्टी दिसली की एका कॅन्सर ओळखणाऱ्या एआयला डाग जास्त धोकादायक वाटायचा. डॉक्टरला मात्र माप कळतं.) व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जातो. रोज त्याच जागी, त्याच उजेडात काढत राहा. लाली किंवा सूज पसरतेय, पू येतोय, असं दोन फोटो शेजारी ठेवून दिसलं किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा.