विषांत भिजलेलें बीज

सूर्यफूल मूळचें उत्तर अमेरिकेचें. परंतु तेलाकरितां त्याची मोठी शेती प्रथम रुजली ती रशियांत. क्रास्नोदार येथें पुस्तोव्होइत या संशोधकानें उत्तम बी निवडून पुन्हा पेरण्याचा क्रम अनेक दशकें चालविला आणि बियांतील तेलाचें प्रमाण सुमारें तिसांवरून पन्नास टक्क्यांपर्यंत नेलें. निवडीला मात्र मर्यादा असते. जें बियांत मुळींच नाहीं, तें निवडून तरी कोठून मिळणार?

१९२७ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ मुलर यानें क्ष-किरणांच्या योगें फळमाशीच्या आनुवंशिक गुणांत पालट घडवून दाखविला. पुढच्याच वर्षीं स्टॅडलरनें सातूवर तोच अनुभव घेतला. रसायनांची पाळी मागाहून आली. जर्मनींतून परागंदा झालेल्या शार्लट आउअरबाख या विदुषीनें एडिंबरो येथें, ऐन महायुद्धांत, मस्टर्ड गॅस या विषारी वायूचा प्रयोग केला. तिचे हात भाजले. पण किरणांचें काम रसायनहि करतें हें सिद्ध झालें. युद्धकालीन गुप्ततेमुळें १९४६ पर्यंत त्याची वाच्यता झाली नाहीं.

त्याच १९४६ सालीं मॉस्कोंत आयोसिफ रापोपोर्ट यानें फॉर्मॅल्डिहाइडविषयीं तसाच शोध प्रसिद्ध केला. हा गृहस्थ युद्धांत एक डोळा गमावून परतलेला. १९४८ च्या ऑगस्टमध्यें कृषि-अकादमीच्या बैठकींत लिसेंकोचा जयघोष चालला असतां यानें उभें राहून आनुवंशशास्त्राची बाजू निर्भीडपणें मांडली. इतर कांहींनीं पुढें आपले शब्द परत घेतले. यानें घेतले नाहींत. पक्षांतून हकालपट्टी झाली, प्रयोगशाळा सुटली, आणि कित्येक वर्षें भूगर्भशोधनाच्या कामावर उदरनिर्वाह करावा लागला. १९५७ मध्यें सेमेनोव्हनें त्याला आपल्या संस्थेंत घेतलें, तेव्हां खंडित काम पुन्हा सुरू झालें.

किरण द्या कीं रसायनांत बी भिजवा, खरा प्रश्न मात्रेचा. ती कमी पडली तर पालट नाहीं. अधिक झाली तर उगवण खुंटते, रोप खुजें राहतें, पराग वांझ निघतात. पहिल्या पिढींत दिसतें तें बहुधा नुकसानच. उपयोगी पालट पुढील पिढ्यांतून हुडकावा लागतो, आणि तोहि असंख्य रोपांतून एखादाच. येथें घाईच्या माणसाचें काम नाहीं.

असा एक पालट क्रास्नोदार येथें सोल्दातोव्हच्या हातीं लागला. डायमिथिल सल्फेट या जहाल विषाच्या द्रावणांत त्यानें बी भिजविलें होतें. १९७६ सालीं त्यानें ही हकीकत प्रसिद्ध केली. त्या वाणाचें नांव ‘पेरव्हेनेत्स’, म्हणजे ज्येष्ठ अपत्य. ओलेइक आम्लाचें लिनोलेइक आम्लांत रूपांतर करणाऱ्या विकराचें कार्य त्याच्या बियांत दबलें; त्यामुळें तेलांत ओलेइक आम्ल सरासरी पाऊणशें टक्क्यांच्या आसपास चढलें. असें तेल लवकर खवट होत नाहीं, तळणाची आंच अधिक सोसतें. आज जगांत पिकणारें उच्च-ओलेइक सूर्यफूल बहुतांशीं याच अपत्याचा वंशविस्तार होय.

किरणांचा मार्गहि बंद पडला नाहीं. तुर्भें येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानें गॅमा किरणांनीं सूर्यफुलांत काळ्या टरफलाचें बी मिळविलें; त्यांतून निघालेला टीएएस-८२ हा वाण २००७ मध्यें महाराष्ट्राच्या शेतकऱ्यांकरितां प्रसारित झाला. रापोपोर्टला लेनिन पारितोषिक मिळालें तें १९८४ सालीं, त्या बैठकीनंतर छत्तीस वर्षांनीं.