राणी हिराई आणि चांद्याच्या राजावळीतील पंधरा वर्षे

चांद्याच्या गोंड राजघराण्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास प्रारंभीच एका अडचणीस तोंड द्यावे लागते. या घराण्याने वर्धा व वैनगंगा या नद्यांमधील आणि त्यांच्या पलीकडील विस्तीर्ण अरण्यप्रदेशावर काही शतके राज्य केले. चांद्याचा परकोट बांधला, बल्लारपूर, वैरागड, माणिकगड येथील दुर्ग राखले. परंतु आपला वृत्तान्त लिहून ठेवला नाही. जी राजावळी आज प्रमाण म्हणून पुढे केली जाते ती मेजर ल्यूसी स्मिथ या इंग्रज जमाबंदी अधिकाऱ्याने १८६९ च्या आपल्या अहवालात स्थानिक परंपरेवरून नोंदविलेली आहे. या राजावळीत राजे आहेत, त्यांची वर्षे आहेत, त्यांनी बांधलेल्या वास्तूही आहेत. राणी हिराई तीत आहे. परंतु तिची वर्षे मात्र तीत नाहीत.

हिराई ही बीरशहाची राणी. बीरशहाच्या वधानंतर तिने रामशहास दत्तक घेतले आणि तो वयात येईपर्यंत राज्यकारभार चालविला, याविषयी परंपरेत मतभेद नाही. आज सामान्यतः स्वीकारल्या गेलेल्या कालगणनेनुसार बीरशहाचा अंत १७०४ मध्ये झाला आणि रामशहाची कारकीर्द १७१९ मध्ये सुरू झाली. मधली पंधरा वर्षे हिराईची होत. स्मिथच्या राजावळीत मात्र बीरशहा १६७२ मध्ये संपतो आणि त्याच वर्षी रामशहा सुरू होऊन १७३५ पर्यंत, म्हणजे त्रेसष्ट वर्षे, राज्य करतो. एका राजाच्या मृत्यूला दुसऱ्याचे राज्यारोहण असे चिकटविले की मध्ये कोणी असण्यास जागाच उरत नाही.

ही कालगणना चुकीची आहे, हे दाखविणे फारसे कठीण नाही. अबुल फजलच्या 'ऐन-इ-अकबरी'त, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, चांद्याचा जमीनदार म्हणून बाबाजी या गोंड राजाचा उल्लेख आहे, आणि त्याच्यापाशी एक हजार स्वार व चाळीस हजार पायदळ असल्याचे म्हटले आहे. स्मिथ याच बाबाजी बल्लाळशहास १४४२ ते १५२२ या काळात घालतो. पुढे औरंगजेबाच्या काळातील फारसी कागदांत चांद्याचे किसनसिंग व बीरसिंग येतात. परंपरेतील कृष्णशहा व बीरशहा ते हेच होत. तेव्हा बीरशहाचा काळ सतराव्या शतकाच्या अगदी अखेरीस ओढून आणावा लागतो. बहुधा ज्ञात नावांची संख्या थोडी आणि भरून काढावयाचा काळ मोठा, अशा पेचात सापडलेल्या सांगणाऱ्यांनी एकेका राजास साठ-साठ, ऐंशी-ऐंशी वर्षे बहाल केली असावीत. या उदारपणाची किंमत हिराईला द्यावी लागली, हे येथे नमूद करावयाचे आहे. कारकीर्द लांबविताना ती राजाच्याच नावे लांबविली जाते. पालक म्हणून राज्य करणारी स्त्री त्या लांबणीत आपोआप गडप होते.

बीरशहाच्या अंताची कथा सर्वश्रुत आहे. हिरामण नावाचा एक राजपूत त्याच्या पदरी होता व त्याच्यापाशी एक अद्भुत तलवार असल्याची ख्याती होती. ती दाखविण्याविषयी राजाने त्याला वारंवार डिवचले आणि अखेरीस, राजाच्या दुसऱ्या विवाहाच्या प्रसंगी, हिरामणाने तीच तलवार त्याच्यावर चालविली, असे सांगतात. याहून जुनी कथा राजकन्येची. बीरशहाची मुलगी देवगडच्या दुर्गपाल नावाच्या राजपुत्रास दिली होती. त्याने तिचा अपमान केला. बीरशहाने त्याचे शिर महाकालीस वाहण्याची प्रतिज्ञा केली आणि ती पुरी केली. महाकालीच्या देवळावर देवगडच्या दिशेने, म्हणजे उत्तरेकडे तोंड करून बसविलेले दगडी मस्तक या दुर्गपालाचे म्हणून दाखवितात. या काळात देवगडच्या गादीवर असलेला इतिहासप्रसिद्ध राजा म्हणजे बख्तबुलंद. त्याच्याशी या दुर्गपालाचा मेळ कसा बसवावयाचा हा प्रश्न सुटलेला नाही, आणि केवळ कथेच्या बळावर तो सुटणारही नाही. मात्र देऊळ हिराईने बांधले ही परंपरा लक्षात घेतली म्हणजे त्या मस्तकास निराळा अर्थ येतो. नवऱ्याची प्रतिज्ञा आणि मुलीचा अपमान या दोहोंची नोंद एका विधवेने दगडात करून ठेवली, असा तो अर्थ होय.

येथे नामसादृश्याविषयी एक सावधगिरी सुचविणे अवश्य आहे. चांद्याच्या परंपरेत 'हिरा' या शब्दाभोवती बरीच नावे गोळा झालेली दिसतात. चांदा शहर वसविणाऱ्या खांडक्या बल्लाळशहाच्या राणीस लोककथेत हिरातनी म्हणतात; झरपट नदीच्या पाण्याने राजाचा त्वचारोग बरा झाला आणि राणीच्या सल्ल्याने तेथे नगर वसले, अशी ती कथा. त्यानंतर हीरशहा येतो. पुढे हिराई, आणि तिच्या नवऱ्याचा मारेकरी हिरामण. या प्रदेशात 'हिरा' या शब्दाचे आकर्षण असणे स्वाभाविक आहे. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख अबुल फजलही करतो, आणि वैरागड हे नावच 'वज्राकर' या शब्दापासून आले आहे. तथापि मौखिक परंपरेचा असा नियम दिसतो की सारख्या नावांच्या व्यक्ती परस्परांची कृत्ये उसनी घेतात. म्हणून शहाणी राणी, सल्ला देणारी राणी, देऊळ उभारणारी राणी या तीन प्रतिमा एकमेकींत मिसळल्या नसतील असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. 'हिराई' या रूपातील 'आई' हा अंश मुक्ताई, जनाई यांसारख्या मराठी नावांतील आहे. चांद्याच्या लोकांनी गोंड राणीचे नाव ज्या रूपात जपले ते रूप मराठी आहे, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येईल. राजघराण्याची मूळ भाषा गोंडी ही द्राविडी कुळातील. त्या भाषेत राणीस काय म्हणत असत हे मराठी परंपरेने जपलेले नाही.

नावांचा हा गुंता बाजूस ठेवला तरी दोन वास्तू उरतात, आणि हिराईच्या कारभाराचा खरा पुरावा त्यांतच शोधावा लागतो. पहिली वास्तू म्हणजे अंचलेश्वर मंदिरालगतच्या आवारातील बीरशहाची समाधी. गोंडांत मृतांस पुरण्याची व त्यांच्या स्मरणार्थ शिळा उभारण्याची चाल जुनी आहे. येथे त्याच चालीस घुमटाच्या, मुसलमानी वळणाच्या स्थापत्याची जोड मिळाली आहे. नवऱ्यासाठी बायकोने बांधलेले थडगे म्हणून ताजमहालाशी तिची तुलना करण्याची हौस स्थानिक लेखकांस आहे. ती हौस क्षम्य असली तरी तिने मुद्दा निसटतो. शहाजहानची सत्ता निर्वेध होती. हिराईला आपली सत्ता सिद्ध करावयाची होती. निपुत्रिक मेलेल्या राजाची विधवा दत्तकाच्या नावाने कारभार पाहते, तेव्हा राजाची भव्य समाधी ही केवळ शोकाची खूण राहत नाही. वंश तुटलेला नाही, आणि तो कोणामुळे तुटला नाही, याची ती जाहीर ग्वाही असते.

दुसरी वास्तू महाकालीचे देऊळ. देवीचे मूळ स्थान खांडक्या बल्लाळशहाच्या काळातले मानतात. आजचे मोठे देऊळ हिराईचे. अशा बांधकामास दगड, चुना, कारागीर, वेठबेगार आणि वर्षानुवर्षे पुरेल इतका पैसा लागतो. खजिना व गावांचा वसूल ज्याच्या हाती नाही त्याला हे साधत नाही. कोणी म्हणेल की ही बांधकामे रामशहाच्या कारकीर्दीत राजमातेच्या नावे झाली असतील. ती शक्यता नाकारता येत नाही. परंतु तसे असेल तर चांद्याच्या परंपरेने रामशहाचे श्रेय काढून राणीस दिले असे मानावे लागेल, आणि राजावळ्यांची प्रवृत्ती तर नेमकी याच्या उलट आहे. तेव्हा परंपरेच्या स्वभावाविरुद्ध टिकलेली ही नोंद अधिक विश्वसनीय समजावी.

या राज्यात लोकोपयोगी बांधकामास पूर्वपरंपरा होती. जो कोणी तळे बांधील त्याला त्या तळ्याखालची जमीन देण्याची रीत हीरशहाच्या नावे सांगतात. अशा जमिनीस 'तुकूम' म्हणत, आणि चंद्रपूर शहराच्या एका वस्तीचे नाव आजही तुकूम असेच आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील तळी कोहळी लोकांनी बांधली, राजसत्तेने त्यांना जमीन व अभय दिले. हिराईने या रीतीत काही भर घातली असे कोणी सांगत नाही. तिच्या नावे सांगितले जाते ते देवीचे स्थान आणि राजाची समाधी. तिच्या लोकसेवेचा विचार करताना तिला आजच्या कल्पनेतील सुधारक करून टाकण्याचा मोह आवरला पाहिजे.

समकालीन परिस्थिती ध्यानात घेतली तर तिचे काम सोपे नव्हते असे दिसते. १७०० मध्ये राजाराम महाराज वारले आणि ताराबाईंनी अल्पवयीन पुत्राच्या नावाने मराठी राज्य चालविले. १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला व शाहू महाराज सुटून आले. १७१९ च्या सनदांनी दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई मराठ्यांस मिळाली; वऱ्हाड त्यांतलाच. म्हणजे हिराईच्या पंधरा वर्षांच्या आरंभी चांद्यास मोगल पातशाहीचे भय होते आणि अखेरीस मराठ्यांचे. ताराबाईंच्या कारभाराची कागदपत्रे विपुल असल्याने त्यांच्या वर्षांस इतिहासात स्वतंत्र प्रकरण मिळाले. गढामंडल्याच्या दुर्गावतीस अबुल फजलसारखा, शत्रुपक्षाचा का होईना, इतिहासकार लाभला, आणि १५६४ मधील तिचे रणांगणावरील मरण सर्वतोमुखी झाले. हिराईने युद्ध केल्याची कथा नाही आणि तिच्या पदरी बखरकारही नव्हता. तिने राज्य शाबूत राखून दत्तक पुत्राच्या स्वाधीन केले, आणि असे निर्वेध हस्तांतर इतिहासकारांच्या नजरेत सहसा भरत नाही.

रामशहाची ख्याती साधुवृत्तीचा राजा म्हणून आहे. रघुजी भोसले त्याच्याकडे शत्रू म्हणून आले आणि त्याला पाहताच नतमस्तक झाले, असे सांगतात. या कथेत भक्तीचा भाग किती व धोरणाचा किती हे ठरविणे अवघड. पण ज्याने असा राजा घडविला त्या संगोपनाचा विचार ही कथा सांगणारे करीत नाहीत. त्याच्या मागून आलेल्या नीलकंठशहाकडून रघुजींनी राज्य घेतले आणि १७५१ नंतर चांदा नागपूरकर भोसल्यांचा झाला. नीलकंठशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत पडला. पुढे इंग्रज आले, चांदा जिल्हा झाला, १९६४ मध्ये त्याचे नाव चंद्रपूर झाले, आणि १९८२ मध्ये त्यातून गडचिरोली वेगळा निघाला.

चैत्र पौर्णिमेच्या सुमारास महाकालीची यात्रा भरते. नांदेड, परभणीकडील मराठी मुलखातून आणि तेलंगणातून लोक येतात, झरपटेच्या पाण्यात स्नान करतात व भुयारवजा गाभाऱ्यात उतरून देवीचे दर्शन घेतात. एवढ्या दूरच्या या लोकांचा गोंड राजवटीशी पूर्वापार संबंध काय होता, आणि तो हिराईच्या देवळाने जोडला की त्याआधीपासूनच होता, हा संशोधनाचा स्वतंत्र विषय आहे. यात्रेकरूंच्या गीतांचा व नवसांच्या बोलींचा पद्धतशीर संग्रह केल्यास त्यावर प्रकाश पडण्याचा संभव आहे. तोपर्यंत चांद्याची राजावळी छापताना बीरशहा व रामशहा यांच्यामध्ये '१७०४ ते १७१९, राणी हिराई' अशी एक ओळ घालण्यास उपलब्ध पुरावा पुरेसा आहे.