शिबुयातली तीनची मैफल

शिबुया स्टेशनाबाहेरचा तो प्रसिद्ध चौक ओलांडून दोगेनझाकाचा चढ चढू लागलं, की उजव्या हाताला एक कमान दिसते. कमानीतून आत गेलं की ‘ह्याक्केनदाना’ ही वस्ती. नावाचा अर्थ साधा आहे : शंभर दुकानं. गल्ली अरुंद होत जाते, रात्रीच्या करमणुकीच्या पाट्या दोन्ही बाजूंनी अंगावर येतात आणि आपण वाट चुकलो असंच वाटतं. पहिल्या वेळी मी तसाच मागं फिरलो होतो. दुसऱ्यांदा नेट धरून पुढं गेलो. इनारी देवाचं छोटंसं देऊळ आहे, त्याच परिसरात जुन्या युरोपातल्या एखाद्या गढीसारखी दिसणारी इमारत उभी होती. ‘मेइक्योकु किस्सा लायन’. १९२६ साली सुरू झालेलं कॉफीचं दुकान. २०२६ हे त्याचं शताब्दी वर्ष.

‘किस्सा’ म्हणजे चहा पिणं, ‘तेन’ म्हणजे दुकान. किस्सातेन या शब्दात चहा असला तरी तिथं लोक मुख्यतः कॉफी पितात. ‘मेइक्योकु’ म्हणजे नावाजलेल्या संगीतरचना. कॉफी घ्यायची आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकायचं, एवढ्यासाठीच चालवलेलं दुकान म्हणजे मेइक्योकु किस्सा. एकेकाळी जपानच्या मोठ्या शहरांत अशी दुकानं ठिकठिकाणी होती. आज तोक्योत ती बोटांवर मोजावी लागतात आणि त्यांतलं बहुधा सगळ्यात नामांकित हेच.

कॉफीला जपानमध्ये दुकान मिळालं ते याच्या बरंच आधी. १८८८ साली उएनो भागात ‘काहीसाकान’ उघडलं, तेच तिथलं पहिलं कॉफीगृह मानतात. परदेशात शिकून आलेल्या तेइ एइकेइ यांनी ते काढलं. वर्तमानपत्रं, पुस्तकं, खेळ अशी सगळी सोय ठेवली आणि चारेक वर्षांत ते बंद पडलं. कॉफी सामान्य माणसाच्या हाती आली ती पुढच्या पिढीत. मिझुनो र्‍यो यांनी १९०८ साली ‘कासातो मारू’ या जहाजातून ७८१ जपानी माणसांना ब्राझीलच्या कॉफीच्या मळ्यांवर नेलं. त्या कामाची परतफेड म्हणून ब्राझीलकडून त्यांना फुकट कॉफी मिळू लागली आणि तिच्या जोरावर १९११ साली त्यांनी गिंझात ‘काफे पाउलिस्ता’ उघडलं. जपानी माणसाच्या स्वस्त कपामागं समुद्रापार गेलेल्या त्या मजुरांचे कष्ट होते, हे मला कधी विसरता येत नाही.

लायनची कहाणी मात्र भूकंपापासून सांगावी लागते. १ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना कांतो भागात धरणी हादरली. घरोघरी दुपारच्या जेवणासाठी चुली पेटलेल्या होत्या. भूकंपाहून आगीनंच जास्त माणसं नेली. मृतांचा आकडा लाखावर गेला. तोक्योचा पूर्वेकडचा जुना बाजार राख झाला. शिबुया तेव्हा शहराच्या पश्चिम काठावर होतं आणि त्या मानानं बचावलं होतं. त्सुत्सुमी यासुजिरो यांच्या जमीन कंपनीनं दोगेनझाकावरची एका सरदार घराण्याची जागा घेतली, तिथं ओळीनं दुकानं पाडली आणि गिंझा-उएनोच्या उघड्यावर आलेल्या नामवंत व्यापाऱ्यांना बोलावून घेतलं. हीच ती शंभर दुकानं. पण जुना बाजार पुन्हा उभा राहिला तसे हे व्यापारी आपापल्या ठिकाणी परतले आणि त्यांच्या मागं तिथं खाण्यापिण्याची, करमणुकीची वस्ती वाढली. त्याच सुमाराला यामादेरा यानोसुके यांनी इथं आपलं कॉफीचं दुकान थाटलं.

१९२६ हे तैशो सम्राटाच्या पर्वाचं पंधरावं आणि अखेरचं वर्ष. जपानमध्ये रेडिओ सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मायक्रोफोन वापरून विजेवर ध्वनिमुद्रण करायला जगात नुकतीच सुरुवात झाली होती, त्यामुळं तबकडीतला आवाज एकदम भरदार झाला होता. पण तबकडी महाग, यंत्र त्याहून महाग. मध्यमवर्गीय माणसाला बेटहोवेन ऐकायचा तर तो कुठं ऐकणार? एका कपाच्या पैशात ऐकायला मिळणं, हाच उपाय होता. तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटं मावत. अर्ध्या तासाच्या सिंफनीला आठेक बाजू लागत. म्हणजे दर चार मिनिटांनी कुणीतरी उठायचं, तबकडी उलटायची किंवा बदलायची आणि सुई पुन्हा टेकवायची. ऐकणाऱ्यांनी तेवढा वेळ तोडलेला सूर मनात धरून ठेवायचा.

आपल्याकडंही तबकडीनं त्याच सुमाराला असंच काम केलं. गदगला लहानग्या भीमसेन जोशींनी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकली ती दुकानात वाजणाऱ्या तबकडीवर, आणि गाण्याच्या ओढीनं ते घर सोडून गेले. एका दुकानातली तबकडी रस्त्यावरच्या पोराला कुठल्या कुठं नेऊन ठेवते. आपल्याकडं त्या दुकानांची वेगळी संस्था झाली नाही. तिकडं झाली.

युद्ध आलं आणि कॉफीवर संक्रांत आली. १९३८पासून आयातीवर बंधनं आली, पुढं ती जवळजवळ थांबली. सोयाबीन आणि मिळेल ते भाजून त्याला कॉफी म्हणायची वेळ आली. १९४३मध्ये सरकारनं अमेरिकी-इंग्रजी गाण्यांची यादी काढून ती वाजवायला बंदी घातली. जाझ वाजवणाऱ्या कॉफीगृहांचा घासच हिरावला गेला. जर्मनी जपानच्या बाजूनं असल्यामुळं बेटहोवेन, ब्राम्स अशांचं संगीत तेवढं बंदीतून सुटलं. मग १९४५च्या हवाई हल्ल्यांत शिबुया जळालं, त्यात लायनही गेलं.

पाच वर्षांनी, १९५० साली, यानोसुके यांनी ते पुन्हा उभारलं. पहिलं दुकान होतं तसंच, त्याच धाटणीचं. या संस्थेच्या वाटचालीतला सगळ्यात मोठा निर्णय कोणता असं मला कुणी विचारलं, तर मी हाच सांगेन. जळालेल्या शहरात लोक पत्रे ठोकून दुकानं उघडत होते, पोटाला भात मिळवणंच कठीण होतं, अशा काळात या माणसानं दोन मजले उंच दिवाणखाना बांधला, खांब-कमानी घडवल्या आणि समोरची अख्खी भिंत ध्वनिक्षेपकांना देऊन टाकली. कॉफीची आयातही त्याच वर्षी पुन्हा खुली झाली. वर्षभरानं जपानी कंपनीची पहिली एलपी बाजारात आली आणि चार मिनिटांची बाजू वीस मिनिटांवर गेली. १९५१मध्ये लायनपासून हाकेच्या अंतरावर भाताचा डोंगर रचून भारतीय धाटणीची करी वाढणारं एक दुकान सुरू झालं, तेही अजून आहे. त्याचं नाव ‘मुरुगी’, म्हणजे आपली मुर्गीच. परक्या देशातल्या गल्लीत ती पाटी वाचली, की क्षणभर उभं राहावंसं वाटतं.

पुढची वीस-पंचवीस वर्षं या दुकानांच्या भरभराटीची. खेड्यांतून तोक्योत शिकायला आलेली मुलं साडेचार चटयांच्या, म्हणजे जेमतेम सात चौरस मीटरच्या खोलीत राहत. भिंती कागदासारख्या पातळ. तिथं संगीत कुठून ऐकणार? परदेशी एलपी म्हणजे पगारातला मोठा घास. एका कॉफीवर दोन-तीन तास काढता यायचे, मालक उठवायचा नाही, हवी ती रचना चिठ्ठीवर लिहून देता यायची. कित्येकांचं संगीताचं शिक्षण या खुर्च्यांवर झालं.

ओहोटी कशी लागली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९७९ साली याच तोक्योत वॉकमन जन्मला, १९८२मध्ये सीडी आली. संगीत आधी खिशात गेलं, मग कानात. जपानमधल्या किस्सातेनांची संख्या १९८१ साली १,५४,६३० होती, तिथून ती उतरत २०२१मध्ये ५८,६६९ झाली. साखळी दुकानं आली, जागांचे भाव चढले, मालक म्हातारे झाले आणि मुलांनी दुसऱ्या वाटा धरल्या. नाकानोमधलं ‘क्लासिक’ हे तसंच नाणावलेलं दुकान २००५मध्ये बंद झालं. तिथल्या खुर्च्या-टेबलं आणि तबकड्या घेऊन कोएंजीत ‘रुनेसान्सु’ नावाचं दुकान २००७ साली निघालं. एका दुकानाच्या खुर्च्या दुसऱ्यानं सांभाळायच्या, ही मला फार मायेची गोष्ट वाटते. लायननं मात्र जागा सोडली नाही. कोरोनाच्या साथीत दार काही काळ बंद राहिलं, पुन्हा उघडलं.

हल्ली तैशोनंतरच्या ‘शोवा काळा’तल्या जुन्या वस्तूंची जपानी तरुणांना ओढ लागली आहे. हिरव्या सोड्यावर आइस्क्रीमचा गोळा, लाल मखमलीच्या खुर्च्या, रंगीत काचांचे दिवे, आणि त्या सगळ्याचे फोटो. त्यानं कित्येक जुनी दुकानं तगली, हे चांगलंच झालं. पण लायनला त्या रांगेत बसवायला माझं मन घेत नाही. इथं फोटो काढायचे नाहीत, असा नियम आहे. बोलायचंही नाही. जुनेपणा हा इथला देखावा नाही, ती कामाची गरज आहे. लाकूड, उंच छत, जाड पडदे हे सगळं आवाजासाठी आहे. काही बदललं तर आवाज बदलेल, म्हणून बदललं नाही.

त्या दिवशी मी तीनला दहा मिनिटं असताना आत शिरलो. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर काही क्षण काहीच दिसलं नाही. मग एकेक खुर्ची उमटू लागली. आगगाडीच्या डब्यातल्यासारख्या सगळ्या खुर्च्या एकाच दिशेला, समोरच्या भिंतीकडं तोंड करून. समोरासमोर बसायची सोयच नाही, त्यामुळं गप्पांचा प्रश्न आपोआप मिटतो. भिंतीत लाकडात बसवलेले अजस्र ध्वनिक्षेपक, छताच्या दिशेनं चढत गेलेले. डावा एक आकाराचा, उजवा दुसऱ्याच. देवळाच्या गाभाऱ्यापुढं बसल्यासारखं वाटतं.

वाढणाऱ्या बाईंनी पाण्याचा पेला ठेवला. काचेचा टेबलाला स्पर्श झाला, पण आवाज झाला नाही. आधी करंगळी टेकवून मग त्यांनी पेला खाली सोडला होता. मी कुजबुजत कॉफी सांगितली. सोबत महिन्याच्या कार्यक्रमाची छापील घडी मिळाली. रोज दुपारी तीनला ठरलेली मैफल, कुठल्या दिवशी कुठली रचना, कुणी वाजवलेली, सगळं आधीच छापलेलं. एरवीच्या वेळात तुमच्या फर्माइशी. आपल्याकडं ‘तीनला या’ म्हणून रोज तबकडी लावणारं दुकान असतं तर, असा विचार मनात आला आणि नुसत्या कल्पनेनंच बरं वाटलं.

माझ्या पुढं एक आजोबा बसले होते, हात मांडीवर, डोळे मिटलेले. पलीकडं विशीतली एक मुलगी, हेडफोन काढून गळ्यात ठेवलेला. तीन वाजले तशी चालू असलेली फर्माइशीची तबकडी हलकेच उतरवली गेली. माइकवरून अगदी दबक्या आवाजात रचनेचं नाव सांगितलं गेलं. मोत्झार्ट, क्लॅरिनेट पंचक. सुई टेकल्याची खरखर आधी आली. तव्यावर पाण्याचे थेंब उडावेत तसा आवाज. मग तंतुवाद्यं, आणि त्यांच्यातून वर येणारी क्लॅरिनेट.

क्लॅरिनेट माझ्या ओळखीची होती ती लग्नाच्या बँडमधली. इथं दुसऱ्या भागात ती इतक्या हळू वाजत होती की वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू यावा. खालचे सूर कानाआधी खुर्चीच्या पाठीतून येत होते. कॉफी काळी, थोडी कडवट; ती गार होत गेली आणि मला तिची आठवण राहिली नाही. घरी ही रचना मी कितीदा ऐकली आहे, हातात दुसरं काम धरून. इथं हाताला काम नव्हतं. नको असलेला भाग पुढं ढकलायची सोय नव्हती. दुसऱ्या कुणी निवडलेलं, दुसऱ्या कुणी ठरवलेल्या वेळी, अनोळखी माणसांबरोबर बसून ऐकायचं होतं. शंभर वर्षं या दुकानानं हेच सांभाळलं आहे आणि माझ्या लेखी त्याची किंमत फार मोठी आहे.

दुसरा भाग संपला. तबकडीची बाजू संपली. सुई उचलल्याची टक् ऐकू आली आणि दिवाणखान्यात काहीच उरलं नाही. पडद्यामागं कुणाचे तरी दोन हात तबकडी उलटत होते. अर्धं मिनिट लागलं असेल. कुणी खाकरलं नाही, कुणी घड्याळाकडं पाहिलं नाही. मुलीनं टेबलावरची कपबशी उचलायला हात पुढं केला होता, तो तिनं तसाच मागं घेतला. आजोबांचे डोळे मिटलेलेच होते, मांडीवरचं एक बोट मात्र हळूहळू हलत होतं, संपलेल्या सुराच्या तालावर. मग पुन्हा ती खरखर आली.