गोदातीरीचा वेताळ आणि हैदराबादचे वाचक

हैदराबादेतील जुन्या मराठी घरांत पुस्तकांची दोन कपाटे असत, हे आमच्या पिढीतील वाचकांना सांगावयास नको. पहिले दिवाणखान्यात, काचेच्या दारांचे. त्यात ज्ञानेश्वरी, दासबोध, केतकरांच्या ज्ञानकोशाचे जमतील तेवढे खंड आणि हरिभाऊंच्या कादंबऱ्या. दुसरे म्हणजे माजघरातला एक कोनाडा. त्यावर जुन्या लुगड्याचा पडदा आणि आत बाबूराव अर्नाळकर, 'नवल'चे अंक, 'धनंजय'चे दिवाळी अंक, नारायण धारप, रत्नाकर मतकरी. पहिले कपाट पाहुण्यांना दाखवले जाई. दुसरे वाचले जाई. आपल्या संमेलनांतून आणि स्मरणिकांतून पहिल्या कपाटाचा इतिहास पुष्कळदा सांगून झाला आहे. येथे दुसऱ्याचा थोडा सांगावा, असा विचार आहे.

त्यास निमित्तही तसेच घडले. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका वाचनालयाने जागेच्या अडचणीमुळे जीर्ण पुस्तके रद्दीत काढली. कोणती काढावीत हे ठरवताना 'वाङ्मयीन मूल्य' हा निकष लावला गेला आणि साहजिकच भयकथांची फळी सर्वांत आधी रिकामी झाली. त्या गठ्ठ्यांपैकी एक मी वजनाच्या भावाने विकत घेतला. मला त्यात काय सापडले ते पुढे सांगेन. त्याआधी या भयाची वंशावळ पाहणे जरूर आहे, कारण ती आपण समजतो त्यापेक्षा आपल्या फार जवळून निघते.

रक्त पिऊन जगणारा, दिवसा शवपेटीत निजणारा उमराव हा आपल्याकडचा नव्हे. आपली भुते नात्यागोत्यातली. मुंज झाल्यावर सोडमुंजीपूर्वी गेलेल्या मुलाचा मुंजा, बाळंतपणात गेलेल्या स्त्रीची हडळ, विद्येचा माज करणाऱ्या ब्राह्मणाचा ब्रह्मराक्षस. प्रत्येकाच्या मागे अपुरी राहिलेली वासना आणि प्रत्येकाचे मागणे माफक: दहीभात, नारळ, लिंबू. फार तर एखादे कोंबडे. खवीस तेवढा परका. त्याचे नाव अरबी 'खबीस'वरून आले, आणि आपल्या या शहरात तर शब्दाचे मूळ रूप शिवीसारखे रोज कानावर पडे. युरोपात रक्तपिशाचाची वदंता सर्बियाकडून पसरली. इंग्रजीत 'व्हॅम्पायर' हा शब्द १७३२ च्या सुमारास रुळला. १८१९ मध्ये पॉलिडोरीने त्याला उमरावाचा पोशाख चढवला आणि १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'ने तो घरोघर पोहोचवला. गावाबाहेरच्या पडक्या वाड्यात राहणारा, कुळांच्या जिवावर पिढ्यान्पिढ्या जगणारा मालक! जहागिरी १९४९ मध्ये खालसा होईतो ज्यांनी त्यांचा कारभार जवळून पाहिला, त्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे पात्र अगदीच अनोळखी वाटले नसावे.

मग वेताळाचे काय? कथासरित्सागरात सोमदेवाने वेताळकथेची चौकट जेथे उभी केली, ते ठिकाण वाचकांनी एकदा लक्षपूर्वक पाहावे. गोदावरीच्या तीरी प्रतिष्ठान नावाचे नगर, तेथे त्रिविक्रमसेन राजा. प्रतिष्ठान म्हणजे पैठण. आपल्यापैकी कित्येकांची मूळ घराणी ज्या मराठवाड्यातून भागानगरास आली, त्याच मराठवाड्यातले, पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यातले आणि १९४८ पर्यंत निजामाच्याच अमलाखालचे पैठण. हा वेताळ प्रेतात शिरून झाडाला लटकतो, राजाच्या खांद्यावर बसतो, गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडे घालतो. तो कोणाच्या गळ्याला तोंड लावत नाही. उलट राजाचा बळी देऊ पाहणाऱ्या कपटी गोसाव्यापासून अखेर तोच राजाला वाचवतो. गोव्यात आमोणे, लोलये या गावी तो आजही ग्रामदैवत म्हणून पुजला जातो. मराठी गद्यात तो फार लवकर आला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळ पंचविशी' १८३० ची. मुद्रित मराठी गद्याच्या अगदी पहिल्या पुस्तकांत एक पुस्तक स्मशानातल्या गोष्टींचे आहे, हे 'वाङ्मयीन मूल्य' मोजणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या वेताळाला 'व्हॅम्पायर' केले ते रिचर्ड बर्टनने. हा गृहस्थ १८४२ मध्ये मुंबई इलाख्याच्या फौजेत आला, मराठीसह अनेक भाषांच्या परीक्षा उतरला आणि १८७० मध्ये त्याने पंचविसांतल्या अकरा कथा घेऊन 'विक्रम अँड द व्हॅम्पायर' हे पुस्तक काढले. 'वेताळ' शब्दाला इंग्रजीत जोडशब्द नव्हता, तेव्हा बाजारात चालणारा जवळचा शब्द त्याने उचलला. भाषांतरकाराची अडचण आपण समजू शकतो, पण गोष्ट सांगणारा तेथून पुढे परक्या लेखी रक्त पिणारा ठरला.

हाच बर्टन १८७६ मध्ये पत्नीसह आपल्या हैदराबादेत येऊन गेला. (त्याच्या चरित्रात सिंधमधील हैदराबादही येते, म्हणून मुद्दाम सांगतो, हे आपलेच, सालारजंगांचे.) त्याने गोवळकोंडा पाहिला आणि हिऱ्यांवर लेख लिहिला. पैठणच्या वेताळाचे नाव बदलून सहा वर्षे झाली होती. निजामाच्या राजधानीत तेव्हा पैठणकडची माणसे नक्की असणार, पण त्यांची आणि त्याची या विषयावर गाठ पडल्याची नोंद नाही. स्टोकरने मात्र बर्टनला लंडनमध्ये पाहिले होते आणि १९०६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेन्री आयर्व्हिंगच्या आठवणींत त्याने बर्टनच्या सुळ्याचे मोठे चमकदार वर्णन केले आहे. त्यावरून 'ड्रॅक्युला'चा उगम थेट गोदाकाठी नेण्याचा मोह काहींना होतो. तो आवरलेला बरा.

आपल्या शहरापुरते पाहिले तर भयाद्भुताच्या वाचकाला येथे दोन दारे होती. मराठीचे दार रेनॉल्ड्सने उघडले. विलायतेत दुय्यम समजला गेलेला हा कादंबरीकार हिंदुस्थानात इतका वाचला गेला की खुद्द हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) त्याच्याच आधाराने उभी राहिली. दिवाणखान्यातल्या कपाटाचे मूळही असे थोडेसे कोनाड्यातलेच आहे! दुसरे दार उर्दूचे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू; आपल्या वडिलांच्या पिढीने विज्ञान आणि कायदा त्या भाषेत शिकला आणि करमणूकही तिच्यातच केली. 'तिलिस्मे होशरुबा' होते, तीरथराम फिरोजपुरींनी उर्दूत आणलेला रेनॉल्ड्स होता, पुढे इब्ने सफी आले. माझे वडील कचेरीतून आल्यावर उर्दू कादंबरी वाचत आणि रात्री जेवणानंतर तीच गोष्ट मराठीत सांगत. ती ऐकायला शेजारची चार घरे जमत. कोठल्या जागी थांबावे हे त्यांना बरोबर कळे. वेताळाची परंपरा ती हीच.

जागाही साथ देणारी होती. सुलतान बाजार हे आपल्या वस्तीचे केंद्र १९३३ पर्यंत रेसिडेन्सी बाजार होते, निजामी अमलाबाहेरचे. सभेला, व्याख्यानाला 'गश्ती त्रेपन्न'ची आडकाठी असण्याच्या त्या काळात वाचनालय हीच एक जागा अशी होती की जेथे चार मराठी माणसे बिनधास्त जमू शकत. १९३१ मध्ये केतकरांच्या अध्यक्षतेखाली येथे साहित्य संमेलन भरले, त्यामागे हीच वाचनालयांची पुण्याई होती. आणि वाचनालयाकडे जाणाऱ्या वाटेवर कोठीची ती जुनी रेसिडेन्सी. पुढे तिच्यात महिला महाविद्यालय भरू लागले. तिचे प्रचंड खांब, पोपडे आलेल्या भिंती, संध्याकाळी निघणारी वटवाघळे, मागच्या बाजूला साहेबांच्या थडग्यांचे छोटे आवार. खैरुन्निसा आणि कर्कपॅट्रिक यांची करुण कहाणी आम्हा मुलांना तेव्हा ठाऊक नव्हती. 'आत एक मेम फिरते' एवढेच ठाऊक होते. बगलेत धारपांचे पुस्तक धरून दिवेलागणीला त्या भिंतीच्या कडेने घरी परतणे, यापेक्षा निराळी प्रस्तावना भयकथेला कशाला हवी?

नारायण धारप (१९२५ ते २००८) शिक्षणाने रसायनतंत्रज्ञ. शंभराहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. त्यांनी परक्या कथांचा आधार घेतला, हा त्यांच्यावरचा नेहमीचा आक्षेप, आणि तो खराही आहे. 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या १९७५ च्या रक्तपिशाच-कादंबरीवरून, 'शपथ' त्याच्याच 'इट'वरून, 'आजी' ही कथाही त्याचीच. ऋणनिर्देश अधिक स्पष्ट हवा होता, हे मीही म्हणेन. परंतु बर्टनने जे केले त्याच्या उलट धारपांनी केले, तेही पाहिले पाहिजे. बर्टनने आपला वेताळ उचलून परक्या नावाखाली मांडला. धारपांनी परके भय उचलून मराठी घराच्या उंबऱ्यावर आणून ठेवले. क्रूसाला घाबरणारे पिशाच देव्हाऱ्याच्या घरात कशाला घाबरेल? हा प्रश्न नुसत्या भाषांतराने सुटत नाही. त्यांच्या 'समर्थ'कथांत याचे उत्तर उपासना, मनोबल आणि माणसाचा सरळपणा यांत शोधलेले दिसते. नावातच रामदासांची सावली आहे. मतकरींची (१९३८ ते २०२०) गूढकथा निराळी. तिच्यात भूत बहुधा माणसाच्या आतच असते. वाङ्मय म्हणून ती उजवी, हे मान्य. पण आमच्या घरी अधिक झिजले ते धारपच.

आता त्या गठ्ठ्याविषयी. रद्दीतून आणलेली पुस्तके पुसून ठेवताना माझ्या ध्यानात आले की जवळजवळ प्रत्येकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिलेले आहे. आधी एका जांभळ्या शाईत: 'रात्री वाचू नये. मी वाचले.' त्याखाली पेन्सिलीने: 'मीही. आता परसात जायची सोय राहिली नाही.' एका समर्थकथेचे अखेरचे पान फाटलेले, तर कोणा सद्गृहस्थाने शेवट आठवणीने लिहून चिकटवला आहे आणि त्याखाली दुसऱ्याने बजावले आहे की 'शेवट असा नाही', मग स्वतःचा दिला आहे. तो मूळ शेवटाहून चांगला आहे, असे मला वाटते. 'लुचाई'च्या मागे तर वादच रंगला आहे. रक्तपिशाच आणि वेताळ एकच की भिन्न, यावर पाच निरनिराळी हस्ताक्षरे झगडत आहेत. एकाने उर्दू लिपीत दोन शब्द टाकले आहेत. एकाची मराठी वळणे तेलुगू शाळेतली आहेत, हे त्याच्या 'ळ'वरून कळते. अगदी खाली बारीक अक्षरात एका बाईंनी लिहिले आहे: 'वेताळ आमच्या पैठणचा. तो चावत नाही.'

हे हस्ताक्षर मी ओळखले. ते आमच्या अक्काचे. सोवळ्यात जेवण करणारी, चतुर्थीला दूर्वा मोजून वाहणारी माझी थोरली बहीण. मला धारप वाचताना पकडले की ती म्हणे, "कशाला रे ती अभद्र पुस्तकं घरात आणतोस? नको त्या वेळेला नको ते." कोनाड्यावरचा पडदा तिनेच शिवला होता. तिने ही पुस्तके वाचली असतील, त्यावर मत दिले असेल, आणि ज्यांची नावे तिला कधी कळली नाहीत अशा चार परक्या वाचकांशी वाद घातला असेल, हे तिच्या हयातीत मला कळले नाही. कळले असते तर आम्हां दोघांना बोलायला पुष्कळ होते.

या माणसांना एकमेकांची तोंडे ठाऊक नव्हती. वर्गणी भरली, पुस्तक नेले, पंधरा दिवसांनी परत केले. त्यांच्या या मंडळाला नाव नव्हते, अध्यक्ष नव्हता, इतिवृत्त नव्हते. इतिवृत्त म्हणायचे तर ही पाने. एकदा काचेच्या कपाटाचा इतिहास लिहिताना मीच भाषेच्या जपणुकीचे श्रेय संस्था आणि संमेलने यांना वाटून टाकले होते. ते चुकीचे नव्हते, अपुरे होते. उर्दूत शिकलेल्या, तेलुगूत भाजी आणणाऱ्या आणि पुढे इंग्रजीत नोकऱ्या करणाऱ्या या माणसांनी मनाच्या ओढीने, कोणी न सांगता, मराठीत जे लिहिले, ते या कोऱ्या पानांवर आहे. बाकीचे गठ्ठे लगद्यात गेले. त्यांच्या मागे काय लिहिले होते हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

धारपांची पुस्तके अलीकडे साकेत प्रकाशनाने नव्याने काढली. २०१८ मध्ये 'तुंबाड' चित्रपट आला. त्याच्या मुळाशी 'आजी' आहे आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेले. तो पाहून आल्यावर माझ्या नातीने मूळ कथा मागितली. तिचे शिक्षण इंग्रजी माध्यमाचे. देवनागरी येते ती शाळेतल्या हिंदीमुळे. नवी प्रत आणून देतो म्हटले तर ती म्हणाली, "नको आजोबा, तुमच्याकडची तीच द्या, मागे लिहिलेली." आठ दिवस लागले तिला. शब्द अडला की फोन करी: माजघर म्हणजे काय, फडताळ म्हणजे काय, तिन्हीसांज कोणत्या वेळेस म्हणतात. पुस्तक परत आले तेव्हा मी आधी शेवटचे पान उघडले. अक्षर वाकडे, एक वेलांटी चुकलेली. लिहिले होते: 'वाचले. रात्रीच. पुढचे कोणते?'